क्यासनूरची माकडे आणि विषाणूची वंशावळ

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात जानेवारी २०१६ नंतर एक नवा शब्द घरोघर पोचला : माकडताप. आधीच्या पिढीला तो ठाऊक नव्हता. त्यानंतर दोनेक वर्षांनी त्या बाजूच्या एका शाळेत आम्ही विज्ञान शिक्षकांच्या बैठकीसाठी गेलो होतो. मधल्या सुट्टीत सातवीतली एक मुलगी पुढे आली आणि म्हणाली, "सर, हा विषाणू माकडात होता, आणि तोच माणसात आला, हे पुण्याला बसून कसं कळलं?" आम्ही सांगितले, "रक्त तपासून कळते, बाळ." ती "बरं" म्हणून गेली. उत्तर खोटे नव्हते, पण ते उत्तरही नव्हते. 'तोच' या शब्दावर तिने दिलेला जोर आमच्या लक्षात परतीच्या एसटीत आला. माकडातला आणि माणसातला विषाणू 'तोच' आहे, हे ठरवायचे कसे? या एका प्रश्नामागे साठ वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा पुण्यात घडला आहे.

मंगन कायिले

१९५७ सालचा मार्च महिना. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातला शिमोगा जिल्हा, त्यातला सोरब तालुका. क्यासनूर हे तिथल्या एका जंगलाचे नाव. या जंगलात काळ्या तोंडाचे वानर आणि डोक्यावर केसांची टोपी असलेली माकडे मरून पडलेली आढळू लागली होती. त्याच सुमारास भोवतालच्या खेड्यांतली माणसे कडक तापाने अंथरूण धरत होती. डोके फुटेल असे दुखणे, सगळे अंग मोडून येणे, काहींच्या नाकातून आणि हिरड्यांतून रक्त येणे, अशी लक्षणे. लोकांनी या दोन गोष्टींची सांगड केव्हाच घातली होती. कन्नडमध्ये त्यांनी या दुखण्याला 'मंगन कायिले', म्हणजे माकडाचा आजार, असे नावही देऊन टाकले होते. निरीक्षण म्हणाल तर ते अचूक होते. कार्यकारणभाव मात्र अर्धाच होता. तो कसा, हे पुढे येईलच.

पुण्यात १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून 'विषाणू संशोधन केंद्र' सुरू केले होते. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. १९५७ मध्ये केंद्राचे संचालक होते डॉ. टेलफर्ड वर्क. इजिप्तमध्ये वेस्ट नाईल विषाणूवर काम करून आलेला हा माणूस. मेलेली माकडे आणि तापलेली माणसे एकाच जंगलात, ही बातमी पुण्यात पोचली तेव्हा तिथल्या मंडळींच्या मनात पहिली शंका आली ती पीतज्वराची.

शंकेला कारण होते. दक्षिण अमेरिकेच्या जंगलात पीतज्वराची साथ येते तेव्हा आधी माकडे मरतात. पहाटे आरोळ्या ठोकणारी माकडे गप्प झाली की पाठोपाठ ताप येणार, असा तिथला अनुभव. आफ्रिका आणि अमेरिका या दोन खंडांत पीतज्वर आहे. आशियात त्याची साथ कधीच आलेली नव्हती, आजही आलेली नाही. पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास मात्र आपल्या शहरांत घराघरातल्या रांजणात वाढतो. हा रोग एकदा भारतात शिरला असता तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी. म्हणून क्यासनूरच्या मेलेल्या वानरांना विचारायचा पहिला प्रश्न अगदी नेमका होता : हा पीतज्वर आहे का?

त्या काळी विषाणूची 'अक्षरे' वाचण्याची सोय नव्हती. डीएनएच्या पेचदार जिन्याची रचना कळून जेमतेम चार वर्षे झाली होती. पद्धत अशी होती : आजाऱ्याचे रक्त, नुकत्याच मेलेल्या माकडाच्या यकृताचे, मेंदूचे तुकडे बर्फातून प्रयोगशाळेत न्यायचे, त्यांचा अर्क उंदराच्या तान्ह्या पिलांच्या मेंदूत टोचायचा आणि वाट पाहायची. पिले आजारी पडली की त्यांच्या मेंदूचा अर्क पुढच्या पिलांना. असे करत विषाणू हाती लागला, की त्याच्यावर ज्ञात विषाणूंची रक्तजले घालून पाहायची. ज्या रक्तजलातली प्रतिद्रव्ये त्याला निष्प्रभ करतील, त्या घराण्यातला तो विषाणू.

तपासणीचा निकाल दिलासा देणारा आणि चक्रावून टाकणारा, असा दोन्ही होता. पीतज्वर नव्हता. पण पुण्यात आणि न्यूयॉर्कच्या रॉकफेलर प्रयोगशाळेत केलेल्या तुलनेतून जे घराणे पुढे आले ते होते रशियातल्या वसंत-ग्रीष्म मेंदूज्वराचे. सायबेरियाच्या थंड अरण्यांत गोचिडींमार्फत पसरणारा रोग. तो कुठे आणि सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचे सोरब-सागर कुठे! मध्ये हिमालय, मध्ये सगळा उत्तर भारत.

इथे एक गोष्ट शिक्षकांनी जरूर लक्षात घ्यावी. प्रतिद्रव्यांची ओळख ही नाकावरून घराणे ओळखण्यासारखी असते. "हा अमक्यांच्या घरातला दिसतो" इतके कळते. तो थोरला की धाकटा, सख्खा की चुलत, हे नाकावरून कळत नाही. १९५७ ची विद्या इथवर पोचत होती. त्यानंतरच्या पन्नास वर्षांतले बरेच घोटाळे या मर्यादेतून निघाले.

सायबेरियाचा धागा मिळाल्यावर पुण्याच्या मंडळींनी गोचिडी शोधल्या आणि त्या सापडल्या. डॉ. हॅरॉल्ड ट्रॅपिडो, डॉ. टी. रामचंद्र राव आणि पुढे सागरच्या क्षेत्रीय केंद्रावर काम करणारे पी. के. राजगोपालन यांच्यासारख्यांनी जंगलातला पालापाचोळा कापडाने झाडून गोचिडींच्या जाती निवडल्या. मुख्य आरोपी ठरली हिमाफिसालिस स्पिनिजेरा ही जात. तिच्यातून, माकडातून आणि माणसातून मिळालेले विषाणू एकाच रक्तजलाला दाद देत होते. विषाणूला जंगलाचेच नाव मिळाले : क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, थोडक्यात केएफडी.

माकड आरोपी की फिर्यादी?

पुढच्या दहा-बारा वर्षांत रोगाचे चक्र उलगडत गेले, आणि त्यात माकडाची जागा लोकांना वाटत होती तशी नव्हती. विषाणूचे नेहमीचे बिऱ्हाड गोचिडीत आणि उंदीर, चिचुंदरी यांसारख्या लहान जनावरांत. पावसाळा संपल्यावर, साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत, गोचिडीची अर्धवट वाढ झालेली, खसखशीएवढी पिल्ले पाचोळ्यात सुळसुळत असतात. ती वाटेने जाणाऱ्या कोणाही उष्ण रक्ताच्या प्राण्याला चिकटतात. जमिनीवर उतरलेल्या माकडाला ती चावली तर त्याच्या रक्तात विषाणू भराभर वाढतो आणि अंगावर बसलेल्या इतर गोचिडींनाही लागण होते. माकड मेले, अंग थंड पडले, की या सगळ्या गोचिडी खाली गळून पडतात. म्हणजे जिथे माकड मरते तो जमिनीचा तुकडाच विषारी होऊन बसतो. तिथून सरपण गोळा करणारी बाई, गुरे चारणारा पोर, काजू वेचणारा मजूर गेला की त्याच्या पायाला गोचीड. माणसापासून माणसाला हा रोग होत नाही, माकड चावून किंवा शिवूनही सहसा होत नाही. मात्र आजारी किंवा मेलेल्या माकडाची हाताळणी धोक्याची असते.

या चक्रात आणखी एक पात्र आहे आणि त्याचे नाव कोणी रोगाला दिले नाही : आपली गुरे. या जातीच्या पूर्ण वाढलेल्या गोचिडी मुख्यतः गुरांचे रक्त पितात आणि त्यावर अंडी घालतात. कोलंबियात जंगली पीतज्वराचा अभ्यास केलेले डॉ. होर्गे बोशेल साठीच्या दशकात याच कामावर होते. माणसांची वस्ती वाढली, गुरे जंगलात शिरली, गोचिडींची पैदास वाढली आणि आधी मूकपणे चालू असलेला विषाणूचा व्यवहार माकडांच्या आणि माणसांच्या मृत्यूंतून दिसू लागला, अशी त्यांची मांडणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. १९८३ च्या सुमारास दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळतंगडी भागात काजूच्या लागवडीसाठी जंगल तोडले गेले, त्यानंतर आलेली साथ आजवरची सर्वांत मोठी : १,५५५ रुग्ण आणि १५० मृत्यू. बोशेल यांचे म्हणणे तेव्हा पुन्हा आठवले गेले असणार.

तरीही मूळ कोडे तसेच होते. सायबेरियातल्या विषाणूचा भाऊबंद इथे आला कसा? सरळ उत्तर होते, पक्ष्यांच्या पंखांवरून. दर हिवाळ्यात उत्तरेकडून लाखो पक्षी भारतात येतात, त्यांच्या अंगावर गोचिडी असू शकतात. याच प्रश्नामुळे जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने डॉ. सलीम अली आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा पक्ष्यांना वाळे घालण्याचा मोठा उपक्रम सुरू झाला. पुढे त्याला अमेरिकी लष्कराच्या एका संशोधन विभागाचे पैसे मिळू लागले, आणि सत्तरच्या दशकात त्यावरून वादळ उठले. विषाणू, पक्षी आणि परदेशी लष्कर ही त्रयी कोणालाही खटकेल अशीच होती. १९७४-७५ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने परदेशी सहकार्याने चालणाऱ्या अशा प्रकल्पांची कडक झडती घेतली. पक्षिशास्त्राला या उपक्रमातून मोलाची माहिती मिळाली हे खरे. सायबेरियाच्या पक्ष्यांनी केएफडी आणला, याचा पुरावा मात्र त्यातून निघाला नाही. आमच्या मते त्या वेळच्या साधनांनी तो निघणे अवघडच होते, कारण प्रश्न नात्याचा होता आणि हातात होती ती फक्त नाकाची ओळख.

पोथ्यांची वंशावळ

हा प्रश्न सोडवण्याची रीत पुण्यातच, विषाणू केंद्रापासून फार दूर नसलेल्या एका इमारतीत, वापरली जात होती. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालू होते; ते १९६६ मध्ये पुरे झाले. तिथे १,२५९ हस्तलिखिते पडताळली गेली. शारदा, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा निरनिराळ्या लिप्यांतल्या पोथ्या. कोणती कोणावरून उतरवली? डॉ. वि. स. सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे सूत्र साधे होते. नक्कल करणारा चुकतो. पुढचा नक्कलकार जुनी चूकही उतरवतो आणि स्वतःची नवी घालतो. तेव्हा दोन पोथ्यांत तीच चूक त्याच जागी असेल तर दोघींची आई एकच असण्याचा संभव मोठा. शुद्ध पाठ सारखे असण्यातून नाते कळत नाही. चुका सारख्या असण्यातून कळते.

विषाणूचेही असेच आहे. केएफडी विषाणूची पोथी म्हणजे आरएनएचा एकच धागा, सुमारे १०,७७४ अक्षरांचा. अक्षरे चारच : ए, यू, जी आणि सी. पेशीत शिरल्यावर विषाणू या धाग्याच्या नकला काढतो आणि त्याचा नक्कलकार मोठा निष्काळजी. अधूनमधून एखादे अक्षर बदलते. बहुतेक बदल निरुपयोगी किंवा घातक असतात, काही टिकतात आणि पुढच्या पिढ्यांत उतरतात. अनेक नमुन्यांची अक्षरे शेजारी शेजारी मांडली की कोण कोणाचा भाऊ हे दिसू लागते.

हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. पन्नास शब्दांचा एक उतारा पहिल्या बाकावर द्यावा. प्रत्येकाने फक्त आपल्या पुढे आलेल्या कागदावरून घाईने नक्कल करावी आणि ती पुढे द्यावी. तिसऱ्या बाकावरून दोन दिशांना दोन नकला जाऊ द्याव्यात. शेवटी सगळे कागद मिसळून दुसऱ्या वर्गाला द्यावेत आणि वंशावळ काढायला सांगावी. आम्ही हा प्रयोग तीन ठिकाणी केला. दोनदा वंशावळ बरोबर आली. तिसऱ्यांदा एका हुशार विद्यार्थ्याने मधली चूक सुधारून टाकल्यामुळे सगळा घोळ झाला. विषाणूंतही बदललेले अक्षर कधी कधी पुन्हा मूळ अक्षर होते, आणि तिथेही असाच घोळ होतो.

ही अक्षरे वाचण्याची रीत फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये दिली. नमुन्यातल्या चिमूटभर जनुकद्रव्याच्या कोट्यवधी प्रती काढण्याची पीसीआर ही युक्ती १९८३ मध्ये कॅरी मलिस यांना सुचली. केएफडी विषाणूच्या बाह्य रचनेच्या जनुकांची अक्षरे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. तो गोचिडींच्या मेंदूज्वर-गटातला, पण स्वतंत्र विषाणू आहे हे तेव्हा अक्षरांनिशी सिद्ध झाले. खरी गंमत २००१ मध्ये झाली. सौदी अरेबियात १९९५ च्या सुमारास रक्तस्रावी तापाच्या रुग्णांतून अल्खुर्मा नावाचा एक विषाणू मिळाला होता. त्याची संहिता वाचली तेव्हा ती केएफडीच्या संहितेशी ८९ टक्के जुळली. सायबेरियातल्या कोणत्याही नातेवाइकापेक्षा हा अरबी नातेवाईक कितीतरी जवळचा निघाला. ज्या दिशेला चाळीस वर्षे पाहिले जात होते, ती दिशा बदलली.

मग हे दोघे वेगळे कधी झाले? २००९ मध्ये पुण्याच्या संस्थेत जपून ठेवलेल्या, १९५७ ते २००६ या काळातल्या ४८ विषाणूंच्या संहितेचे काही भाग वाचून तुलना प्रसिद्ध झाली. बदलाचा वेग निघाला दर दहा हजार अक्षरांमागे वर्षाला सुमारे ६.४ बदल. म्हणजे पूर्ण संहितेत वर्षाला जवळजवळ ७. या हिशोबाने भारतातले आणि अरबस्तानातले सगळे विषाणू १९४२ च्या आसपासच्या एकाच पूर्वजापर्यंत पोचत होते. क्यासनूरला माकडे मरू लागली त्याच्या फक्त पंधरा वर्षे आधी! इतक्या कमी काळात इतका लांबचा प्रवास म्हणजे पक्षीच असावेत, अशी शक्यता लेखकांनी पुन्हा पुढे मांडली. सलीम अलींचे पक्षी असे पन्नास वर्षांनी परत आले.

पण दोनच वर्षांनी, २०११ मध्ये, दुसऱ्या एका गटाने तुकड्यांऐवजी पूर्ण संहिता घेऊन हिशोब केला आणि उत्तर आले सुमारे ७०० वर्षे. साधे गणित आपणही करून पाहू. ८९ टक्के जुळते म्हणजे ११ टक्के वेगळे, म्हणजे सुमारे १,१८५ अक्षरे. वर्षाला ७ बदल, आणि ते दोन्ही फांद्यांवर साठतात म्हणून १४. भागाकार येतो ८५ वर्षांच्या आसपास. एकाच जागी दोनदा झालेले बदल यात मोजलेले नाहीत, म्हणून खरा आकडा याहून मोठा असणार. किती मोठा, हे घड्याळ कसे लावले यावर ठरते. जवळच्या काळातल्या नमुन्यांवर लावलेले घड्याळ जुना काळ मोजताना पुढे पळते, ही या विद्येतली ओळखीची अडचण आहे. आम्हाला सातशे वर्षांचे उत्तर अधिक पटते, पण साठ आणि सातशे यांतला फरक विद्यार्थ्यांपुढे लपवू नये. संहितेतली अक्षरे निश्चित असतात. त्यांवरून काढलेला काळ हा अंदाज असतो.

या अक्षरांनी एक वेगळाच उलगडाही केला. चीनच्या युन्नान प्रांतात १९८९ मध्ये एका तापाच्या रुग्णातून मिळालेला नानजियानयिन हा विषाणू केएफडीच आहे, असे २००९ मध्ये जाहीर झाले. मोठीच बातमी होती : हा विषाणू चीनपर्यंत पसरला म्हणायचा. पण त्याची संहिता १९५७ च्या मूळ भारतीय नमुन्याशी, पी ९६०५ शी, जवळजवळ अक्षरशः जुळत होती. वर्षाला सात याप्रमाणे ३२ वर्षांत दोनशेवर अक्षरे बदलायला हवी होती. जंगलात फिरणारा विषाणू तीन दशके नक्कल करताना चुकतच नाही, हे संभवत नाही. शीतपेटीतल्या कुपीत पडून असलेला मात्र चुकत नाही, कारण तो नक्कलच करत नाही. प्रयोगशाळेतल्या जुन्या नमुन्याची भेसळ झाली असावी, हा संशय म्हणूनच घेतला गेला, आणि तो आम्हाला रास्त वाटतो.

बांदीपूरहून दोडामार्गकडे

२०१२ पर्यंत केएफडी हा कर्नाटकाच्या चार-पाच जिल्ह्यांचा रोग समजला जात असे. त्याच वर्षी पुण्यात पीसीआरची जलद तपासणी तयार झाली आणि पाषाणला अत्यंत धोकादायक विषाणू हाताळण्याची चौथ्या सुरक्षा-पातळीची प्रयोगशाळा उभी राहिली. हे दुसरे फार गरजेचे होते. केएफडीवर काम करणाऱ्या अनेकांना प्रयोगशाळेतच या रोगाची लागण झाल्याचा इतिहास आहे, आणि त्यामुळे संशोधनाचे पाऊल बराच काळ अडखळत होते.

वर्ष संपता संपता बांदीपूरच्या व्याघ्र प्रकल्पात माकडे मेली, आणि मेलेली माकडे जाळण्याच्या कामात असलेले कर्मचारी तापाने आजारी पडले. माणसांचे रक्त, माकडांचे अवयव आणि तिथल्या गोचिडी, असे तिन्ही प्रकारचे नमुने पुण्याला आले. तिन्हींत केएफडीची अक्षरे सापडली. सातवीतल्या त्या मुलीच्या 'तोच' या शब्दाचे उत्तर हे आहे. उंदराची पिले आजारी पडण्याची वाट पाहायची गरज उरली नव्हती. जिवंत विषाणू न वाढवताही त्याची अक्षरे वाचता येत होती. त्याच हंगामात तमिळनाडूच्या निलगिरीत, मग केरळात वायनाडला, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये दोडामार्गात विषाणू आढळला.

हे नव्याने पसरणे होते, की जिथे तिथे आधीच असलेला विषाणू आता कुठे तपासला जात होता? तपासणी वाढली की रोग वाढल्यासारखा दिसतो, हे आपल्याला ठाऊक आहे. कच्छ-सौराष्ट्रातल्या लोकांच्या रक्तातही केव्हाच अशी प्रतिद्रव्ये आढळली होती. निवाडा पुन्हा वंशावळीनेच केला. १९५७ ते २०१७ या काळातल्या ४८ पूर्ण संहिता आणि आणखी २८ अपूर्ण संहिता घेऊन पुण्याच्या गटाने २०२० मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात २००६ नंतरचे विषाणू १९५७ ते १९७२ च्या जुन्या विषाणूंपेक्षा सुमारे २.७६ टक्क्यांनी वेगळे निघाले, म्हणजे तीनशेच्या घरात अक्षरे. नवी फांदी १९८० च्या सुमारास फुटलेली. गोव्यातले आणि महाराष्ट्रातले विषाणू याच फांदीवरचे, कर्नाटकातून आलेले. सिंधुदुर्गात पूर्वापार वेगळे नांदणारे घराणे असते, तर ते मुळाजवळच निराळे फुटलेले दिसले असते. तसे दिसले नाही. शिवाय २०१३ च्या आसपासपासून महाराष्ट्र हाच पुढच्या प्रसाराचे नवे उगमस्थान झाल्याची खूणही त्यात होती. हे वाक्य आम्ही दोनदा वाचले.

अलीकडे उलट्या दिशेनेही शोध चालतो. साथ आल्यावर कारण शोधण्याऐवजी धडधाकट दिसणाऱ्या रानमाकडांच्या रक्तातली सगळी जनुकद्रव्ये वाचून काढायची आणि त्यांत कोणते अनोळखी विषाणू आहेत ते पाहायचे. युगांडाच्या किबाले अरण्यातल्या एका तांबड्या कोलोबस माकडात २०११ मध्ये असे दोन नवे विषाणू मिळाले. ते माकडांच्या एका रक्तस्रावी तापाच्या विषाणूचे नातेवाईक आहेत. त्या मूळ विषाणूला माणसाच्या पेशीत शिरता येते आणि तिथे वाढताही येते, हे २०२२ मध्ये प्रयोगशाळेत दिसले. या घराण्याने माणसाला आजारी पाडल्याचे एकही उदाहरण मात्र नाही. अक्षरांवरून नाते कळते. उद्या हा माणसात येईल की नाही, हे नुसत्या अक्षरांवरून कळत नाही. अशा याद्या लांबत चालल्या आहेत. त्या निरुपयोगी नाहीत. तरी क्यासनूरच्या खेडुतांनी केलेले काम, म्हणजे मेलेले माकड आणि तापलेला माणूस यांची सांगड घालणे, अजून कोणत्याही यंत्राने केलेले नाही.

आणि हा मुद्दा दोडामार्गसाठी पुस्तकी नाही. १९९० पासून कर्नाटकात वापरली जाणारी केएफडीची लस पुरेशी परिणामकारक नसल्याने २०२२ मध्ये थांबवली गेली. या तापावर खास औषध नाही. शंभर रुग्णांमागे तीन ते पाच दगावतात. म्हणून भिस्त राहते ती वेळेवर कळण्यावर. मेलेल्या माकडाभोवती पन्नास फुटांत मॅलॅथिऑन भुकटी मारायची, तो भाग काही काळ वर्ज्य करायचा, जंगलात जाणाऱ्यांनी अंगाला तेल लावायचे आणि घरी येऊन गरम पाण्याने अंघोळ करून कपडे उकळायचे. हे सगळे माकड मेल्याचे कोणीतरी कळवले तरच. कुजलेल्या माकडातली अक्षरेही विरलेली असतात. दोन दिवस उशीर झाला की पुण्याला काय पाठवायचे हाच प्रश्न पडतो. आणि रोगाला माकडाचे नाव असल्यामुळे काही ठिकाणी लोक माकड दिसले की हाकलतात, मेलेले दिसले की गुपचूप पुरतात. गोचिडी तिथेच राहतात.

त्या शाळेतून निघताना ती मुलगी फाटकापाशी पुन्हा भेटली. यावेळी प्रश्न सोपा होता : "आमच्या काजूत मेलेलं माकड दिसलं, तर सांगायचं कोणाला?" आम्ही तिच्या गुरुजींकडे पाहिले. ते आत गेले आणि फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात, सुविचाराच्या जागी, त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राचा आणि वनरक्षकाचा नंबर लिहिला.